‘तिथे’ आणि ‘तिथेच’

पूल पडला त्या सकाळी आमचे मेव्हणे, म्हणजे बायकोचे थोरले बंधू, आमच्या न्हाणीघरात होते. कडी अडकली होती. ते आतून ओरडत होते, मी बाहेरून धीर देत होतो, आणि बायको सुतार शोधत हिंडत होती. सुतार मिळत नव्हता, कारण सगळं शहर नदीकडे पळालं होतं. दुपारी एकदाचं दार निघालं. मेव्हणे टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि म्हणाले, ‘‘चहा टाका.’’ देश दुःखात बुडाला आहे हे त्यांना दुसऱ्या कपानंतर कळलं.

हे आधीच सांगून ठेवतो. मेव्हण्यांच्या तोंडून तुम्हाला ते कळायचं नाही.

त्या दिवसाच्या स्मरणार्थ आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये दरवर्षी सभा भरते. आधी दोन मिनिटं शांतता, मग दोन तास ती भरून काढायची. प्रत्येकाने उठून सांगायचं, मी तेव्हा कुठे होतो. पहिल्या वर्षी बहुतेक सगळे घरी होते. पण आठवण ही मोठी चालती-फिरती वस्तू आहे. आमच्या इमारतीतली आठवण तर दरवर्षी एकेक थांबा पुढे सरकायची. दातांचे डॉक्टर सुरुवातीला दवाखान्यात एका बाईंची दाढ काढत होते. हल्ली ते नदीकाठी जखमींना पट्ट्या बांधत होते. ती दाढ अर्धवट उपटलेल्या अवस्थेत कुठे राहिली, कोणी विचारलं नाही. सेक्रेटरी आधी गावाला होते, मग वेशीवर आले, आता पुलाच्या कठड्याला टेकून असतात. आमची अख्खी इमारत पुलावर उभी होती म्हटल्यावर पूल पडला यात नवल ते काय!

मेव्हण्यांची प्रगती मात्र व्याकरणातून झाली. ‘मी त्या बाजूला होतो’ हे पहिलं पाऊल. न्हाणीघराची खिडकी नदीच्या बाजूला आहे, त्यामुळे याला खोटं म्हणता येत नाही. पुढे ‘मी तिथे होतो’ झालं. आणि एका वर्षी टाळी जरा कमी पडली, तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, ‘‘मी तिथेच होतो.’’ आपल्या भाषेत ‘च’ला वजन नाही, जागा लागत नाही, कुठेही चिकटतो. पण त्या एका ‘च’वर मेव्हणे पुलाच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

‘‘बोलू का मी?’’ मी बायकोला विचारलं होतं.

‘‘जाऊ दे हो. दादाच्या बोलण्याने कोणाचं काय जातंय?’’

त्यानंतरच्या वर्षी मेव्हण्यांनी हात बाहेर काढला. खरोखरच, उजवा हात पुढे केला आणि म्हणाले, ‘‘या हाताला धरून एक माणूस लोंबकळत होता. सायकल खाली गेली, माणूस वर. माझ्याकडे बघत होता. आणि सुटला.’’ हॉल हळहळला. सेक्रेटरींनी कठडा सोडून डोळे पुसले. शेवटच्या रांगेत वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाई बसल्या होत्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या त्या, आता निवृत्त. त्या एकट्याच हळहळल्या नाहीत. मेव्हण्यांच्या हाताकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्याकडे आल्या. मेव्हणे चहाला आले होतेच. चहाच्या वेळी मात्र ते खरोखर तिथेच असतात.

बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. ‘‘माझे यजमान सायकलने जायचे त्या पुलावरून. ते सापडले नाहीत. सायकल सापडली.’’

मेव्हण्यांनी कप खाली ठेवला. इतकी वर्षं त्यांच्या त्या पुलावर गर्दी होती, पण माणूस कोणी नव्हता. आज पहिल्यांदा एक आला.

‘‘काय झालं, आम्ही त्या दिवशी भांडलो होतो,’’ बाई म्हणाल्या. ‘‘कारण सांगायच्या लायकीचं नाही. ते न बोलता निघून गेले. तुम्ही म्हणालात, त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तर एवढंच विचारायचं होतं. काही म्हणाले का?’’

मेव्हण्यांनी छताकडे पाहिलं. त्यांच्या आठवणींचा साठा तिथे असतो.

‘‘म्हणाले ना,’’ ते आवाज जड करून म्हणाले, ‘‘आता, पाण्याचा आवाज फार होता, पण मला वाटतं, तुमचंच...’’

‘‘दादा!’’

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात उलथणं होतं. ते तिने उगारलं नव्हतं, पण खालीही ठेवलं नव्हतं.

‘‘दादा, तू आमच्या न्हाणीघरात होतास.’’

‘‘अगं, ते नंतर...’’

‘‘दुपारपर्यंत होतास. कडी अडकली होती. मी सुताराला शोधत होते आणि तू आतून विचारत होतास, नाश्त्याला काय केलंय.’’ मग ती बाईंकडे वळली. ‘‘बाई, माफ करा. हे मी फार आधी बोलायला हवं होतं. कोणाचं काय जातंय, असं म्हणत राहिले.’’

मेव्हणे कपातल्या चहाकडे असे बघू लागले, जणू नदी तिथूनच वाहते आहे.

मला वाटलं, बाई आता रडतील, किंवा उठून जातील. त्या म्हणाल्या, ‘‘कडी?’’

‘‘हो. जुनी होती.’’

‘‘मी पण कडी लावून बसले होते,’’ बाई म्हणाल्या. ‘‘ते गेल्या गेल्या आतून लावली. ठरवलं होतं, परत येऊन दार वाजवतील, तेव्हा लगेच उघडायची नाही. जरा ताटकळू दे.’’ त्यांनी पदर सारखा केला. ‘‘इतक्या सभा झाल्या असतील, मी कुठे होते ते कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात? घरी होते.’’

बायकोने उलथणं खाली ठेवलं आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसली. मेव्हण्यांनी चहा संपवला, पण दुसरा कप मागितला नाही. त्यांच्या आयुष्यातला तेवढाच काय तो शोक.

पुढच्या वर्षी सभेला मेव्हणे येणार नाहीत अशी माझी भाबडी समजूत. ते पहिल्या रांगेत होते. त्यांची पाळी आली तेव्हा बाईंकडे न बघता उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, ‘‘खरं सांगतो. मी त्या दिवशी एका न्हाणीघरात अडकलो होतो.’’

हॉल चाट पडला. मी बायकोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भावाचा अभिमान फुटू बघत होता.

‘‘कडी अडकली म्हणून,’’ मेव्हणे म्हणाले, ‘‘नाहीतर पुलावरच असतो!’’

टाळ्या पडल्या. दातांचे डॉक्टर उठून म्हणाले की तेसुद्धा एका दाढेमुळे वाचले. शेवटच्या रांगेतून बाई उठल्या आणि दाराकडे निघाल्या. बायको त्यांच्यामागे गेली. हॉलचं दार बंद करताना बाईंनी कडीला हात लावला, मग ती तशीच सोडून दिली.