रिकाम्या क्रेटची किंमत

मी एक क्रेट बोलतोय. निळा, प्लास्टिकचा, एका कोपऱ्याला तडा गेलेला. बावीस वर्षं मी ताईंच्या शेडमधली अळंबी वाहिली. सकाळी ड्रायव्हरकाका आम्हा दोनशे जणांना टेम्पोत रचायचे आणि दहाच्या आत आम्ही सीमेपलीकडच्या मंडईत रिकामे. आमचा धरून शेजारशेजारच्या पाच देशांचा तेव्हा एकच बाजार होता. नाक्यावर कोणी थांबतसुद्धा नसे.

मग आमचा देश त्या बाजारातून बाहेर पडला. त्यासाठी देशभर मतदान झालं होतं, आणि काकांनी मत बाहेर पडण्यालाच दिलं होतं. "आता आपल्या मालाला आपल्याच देशात भाव येईल," ते म्हणाले.

"आणि एवढी अळंबी खाणार कोण, काका?" ताईंनी विचारलं.

पहिल्याच दिवशी काका सवयीनं नाका ओलांडून तसेच पुढे गेले. शिट्टी वाजली. तपासणीत सहा तास गेले, अळंबी काळी पडली, मंडईवाल्यानं हातही लावला नाही. माल तिथेच फेकून परत येताना अधिकाऱ्यानं मला उचललं.

"हे काय?"

"रिकामे क्रेट, साहेब. आमचेच आहेत."

"देशात आणताय म्हणजे आयात. किंमत लिहा."

काकांनी 'शून्य' लिहिलं. शून्य चालत नाही म्हणून कागद परत आला. मला साहेबांचा राग आला, पण काकांचा जास्त आला. बावीस वर्षं पाठ मोडून शेवटी शून्य?

तीन महिन्यांत मंडईवाल्यानं दुसरा पुरवठादार धरला. खुडणाऱ्या सहा बायकांपैकी चौघी घरी बसल्या. त्यांत काकूही होत्या, काकांच्या पत्नी. मालाच्या भावाची गोष्ट काकांनी पुन्हा काढली नाही.

गेल्या आठवड्यात भंगारवाला दारात आला. "देऊन टाका, ताई. आता कशाला लागतायत?" काका म्हणाले.

ताईंनी मला त्यांच्या हातातून ओढून घेतलं. "शेड बंद करायची तर मी करीन. नाक्यावरचा साहेब नाही. उद्यापासून गावातल्या हॉटेलांत, खानावळींत माल न्यायचा. मत तुम्ही दिलंत ना? मग गिऱ्हाईकही तुम्हीच शोधा."

काकांनी मान खाली घालून टेम्पोची किल्ली उचलली.

काल दोनशेच्या जागी आम्ही बारा निघालो. पाच तसेच भरलेले परत आलो. उद्या पुन्हा निघू. भंगारात जायची माझी तयारी नाही, आणि ताईंचीही नाही.

कागद तयार करणाऱ्यांनो, माझी किंमत लिहायचीच असेल तर घरी बसलेल्या त्या चौघींना विचारून लिहा. शून्य मी लिहू देणार नाही.