मेट्रनचा पाहुणा

तो शनिवार मेट्रनच्या घरातल्या बाकीच्या शनिवारांसारखाच गेला, म्हणजे लोकांना नावं ठेवण्यात.

मेट्रन म्हणजे धाकटीची आई. रुग्णालयातली नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण पद अंगाला चिकटून राहिलं होतं. शेजारी तिला मेट्रन म्हणत, दूधवाला मेट्रनबाई म्हणे, आणि पोटचा मुलगाही पाठीमागे तेच म्हणत असे. नोकरीत असताना नातेवाइकांनी वॉर्डात चोरून आणलेले गोडाचे डबे तिने सरळ कचऱ्यात टाकले होते, आणि गळा काढणाऱ्यांना "रडायचं असेल तर जिन्यात जाऊन रडा" असं सांगितलं होतं.

धाकटी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती. एकटी राहायची, दर शनिवारी आईकडे यायची. आईकडून तिने दोन गोष्टी उचलल्या होत्या, सरळ नाक आणि ते मुरडायची सवय. दोघी समोरासमोर बसून जगाची हजेरी घेत. मायेचं बोलणं त्या घरात कधी झालंच नाही. लहानपणी लेक तापाने फणफणली, तेव्हाही मेट्रनने कपाळावर हात ठेवून थर्मामीटर कुठे गेला एवढंच विचारलं होतं.

त्या दिवशीचा विषय खिडकीतला पिंजरा हा होता. "आईला सोबत होईल" म्हणून दादाने, धाकटीच्या थोरल्या भावाने, तो नुकताच आणून ठेवला होता. आत एक करड्या रंगाचा कॉकाटील, पोपटाच्याच जातीतलं लहान पाखरू. डोकं पिवळं, दोन्ही गालांवर नारिंगी ठिपके, माथ्यावर तुरा. मेट्रनने त्याला नाव ठेवायचं साफ नाकारलं होतं. ती त्याला पाहुणा म्हणायची.

"पाहुणा काय म्हणतोय?" धाकटीने विचारलं.

"म्हणतोय काय, तुझ्या भावावर गेलाय. केस उभे करून बसायचं, काम शून्य."

"आणि गालाला काय फासलंय?"

"तुझ्या वहिनीच्या पर्समधून काढलं असेल."

"बाहेर वगैरे काढतेस का त्याला?"

"मी?" मेट्रनने चष्म्यावरून पाहिलं. "उभा जन्म माणसांची उस्तवारी केली, आता पाखराची करू? दाणे टाकते, पाणी बदलते. रुग्णाला याहून जास्त लागत नाही. बाकीचं सगळं थेर."

धाकटी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरचा बिस्किटांचा डबा तिने सहज उचलला. आल्यागेल्यासाठी ठेवलेला डबा. गेल्याच शनिवारी तिने भरला होता. आता तळाला दोन बिस्किटं आणि चुरा. आईला साखर होती. बिस्किट तिला बंद होतं, आणि ते बंद करण्यात डॉक्टरपेक्षा तिचाच पुढाकार होता.

"आई, डबा संपत आलाय."

"मावशी आली होती तुझी."

"मावशी गोड खात नाही."

मेट्रनने वर्तमानपत्राचं पान उलटलं. "मग मी खाल्ली समज."

"तुझी साखर किती आहे? वॉर्डात एखाद्याने असं केलं असतं तर काय केलं असतंस तू?"

"डबा काढून घेतला असता."

"मग मी तेच करते."

"कर की. परवानगी कसली मागतेस?"

धाकटीने डबा आपल्या पिशवीत टाकला. आईने मान वर करून पाहिलंही नाही. निघताना फक्त म्हणाली, "दार नीट ओढून घे, हवेने उघडतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मेट्रन खुर्चीत बसल्या बसल्या गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. साखरेच्या रुग्णांत असं अचानक होतं, कुणाला आधी सुगावा लागत नाही.

धाकटीला मात्र सुगावा लागला होता. तिच्या लेखी कारण सरळ होतं. जिने आयुष्यभर दुसऱ्यांचे डबे कचऱ्यात टाकले, ती बाई शेवटी एका डब्यापायी गेली. तेही कसल्या, तर बाजारातल्या सर्वांत बेचव बिस्किटांपायी. तिला रडू येईना. संताप मात्र इतका आला होता की आलेल्या माणसांना पाणी देताना पेले टेबलावर आपटत होते.

माणसं येतच होती. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या आणि मावशीने मधली खुर्ची धरली होती. ज्यांना मेट्रनने हयातीत दारातून आत घेतलं नसतं, ते आता तिच्या करारीपणाच्या गोष्टी सांगत होते. त्यात मावशीचं लक्ष पिंजऱ्याकडे गेलं. पाहुणा कोपऱ्यात पिसं फुगवून बसला होता. तुरा मागे पडलेला, डोळे अर्धे मिटलेले.

"बघा गं," मावशी म्हणाली. "मुका जीव, पण कळतं हो त्याला. अन्न सोडलंय त्याने आमच्या ताईसाठी."

झालं. बायका उठून एकेक करून पिंजऱ्यापाशी जाऊ लागल्या. मेट्रनसाठी ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, त्यांना पाखरासाठी उमाळे फुटले. दादाने मोबाइलवर फोटो काढला आणि खाली "निष्ठा" असं लिहून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. उत्तरादाखल हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

"दादा, तो शोक करत नाहीये. आजारी आहे."

"तुला भावना कळायच्या नाहीत, धाकटे. तू आईवर गेलीस."

"निदान मी कुणावर गेले ते तरी ठाऊक आहे."

पुढच्या दिवशीही पाहुण्याने एखाददुसरा दाणा टिपून सोडून दिला. तेव्हा धाकटीने पिंजऱ्यावर चादर टाकली आणि रिक्षा बोलावली. पाखराचा कळवळा वगैरे तिला नव्हता. मावशीचं तोंड बंद करायला तिला डॉक्टरच्या तोंडचं एक वाक्य हवं होतं, आणि जमलंच तर ही ब्याद तिथेच कुणाच्या तरी गळ्यात मारायची होती.

जनावरांच्या दवाखान्यात फिनेलचा आणि ओल्या कुत्र्यांचा वास भरला होता. बाकावर एक पहिलवानी माणूस वासराएवढा कुत्रा घेऊन बसला होता, आणि तो कुत्रा एका टोपलीतल्या मांजराला घाबरून मालकाच्या पायांत शिरत होता. मांजराची बाई शेजारणीला सांगत होती, "आम्हाला कालपासून जुलाब होताहेत." धाकटी तिच्यापासून एक खुर्ची लांब सरकली.

"पेशंटचं नाव?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"पाहुणा."

"अय्या, गोड आहे. तुम्ही त्याची मम्मी का?"

"तो अंड्यातून आलाय," धाकटी म्हणाली.

डॉक्टर चाळिशीचे, झोप न झाल्यासारखे, हातांवर ओरखडेच ओरखडे. त्यांनी पाहुण्याला नॅपकिनमध्ये गुंडाळला, चोच पाहिली, डोळे पाहिले, छातीवरच्या पिसांवर फुंकर घातली. पिसं दुभंगली आणि कातडीखालचा पिवळा थर दिसला.

"आजार काही दिसत नाही. ही चरबी आहे, हा पिवळेपणा. खातो काय हा?"

"दाणे. घरात येऊन महिनाही झाला नाही."

"नुसत्या दाण्यांवर इतक्या लवकर एवढी चरबी चढत नाही."

"माझी आई गेली आहे," धाकटी म्हणाली. "पाखरू तिचं. नातेवाइकांचं म्हणणं आहे की तो शोकात आहे." डॉक्टरांना हसायची मोकळीक राहील, अशा बेताने तिने शेवटचं वाक्य उच्चारलं होतं.

डॉक्टर हसले नाहीत. "असेलही. पण पोट रिकामं आहे हे नक्की. असा चरबी चढलेला पक्षी उपाशी राहिला की यकृत जातं. फार वेळ नाही आपल्या हातात."

एवढ्यात काउंटरवरची मुलगी त्यांचा चहा घेऊन आली. बशीत दोन बिस्किटं होती.

पाहुण्याचा तुरा खाडकन उभा राहिला. त्याने एक कर्कश किंकाळी फोडली, नॅपकिनातून अंग सोडवलं आणि टेबलावरून तुरुतुरु धावत कपापाशी जाऊन थांबला. कोरड्या बिस्किटाला त्याने चोचही लावली नाही. त्याने कपाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, पुन्हा कपाकडे पाहिलं आणि मान तिरकी करून तो तिष्ठत राहिला.

डॉक्टरांनी बिस्किटाचा कोपरा चहात बुडवला, फुंकून निववला आणि पुढे केला. पाहुण्याने तो बोटातून अलगद घेतला, संपवला आणि आणखी हवं म्हणून त्यांच्या बोटावर टोच मारली.

"सापडलं," डॉक्टर म्हणाले. "ह्याला रोज कुणीतरी चहात बुडवून भरवत होतं. हातातून. बघा, समोर पडलंय तरी आपणहून घेत नाही. भरवायची वाट बघतोय."

"आमच्याकडे असं कुणी करत नाही. आईसमोर चहात बिस्किट बुडवलं तर माणूस पुन्हा त्या घरात बसायला धजत नसे."

"मग दुसरं कुणी असेल. घरात आणखी कोण होतं?"

"कुणी नाही. आईच."

डॉक्टर पाहुण्याला उरलेला तुकडा भरवत राहिले.

धाकटीने त्या बोटांकडे पाहिलं आणि तिला सगळं एकदम कळलं. आईने एकही बिस्किट खाल्लं नव्हतं. तिने त्या शनिवारी आरोप ऐकून घेतला होता, कबूलही करून टाकला होता, कारण दुसरं उत्तर तिच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. डबा चोरून खाणारी म्हातारी ठरणं तिला चाललं. या वयात तिला पाखराचा लळा लागला, हे लेकीला कळलेलं चाललं नसतं. मेट्रनला लाज वाटायची ती इतकी उलटी. आणि आपणही तिच्याच तालमीतल्या. बिस्किटं कमी झाली म्हटल्यावर आपल्या डोक्यात चोरी आली, माया आली नाही.

इतके दिवस संताप होता म्हणून ती उभी होती. आता तो कुणीतरी पायांखालून काढून घेतला.

"खुर्ची आहे का?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी स्वतःची पुढे केली. ती बसल्यावर ते पाठ वळवून वजनकाटा पुसत बसले. तो स्वच्छच होता.

"बिस्किटाने हा मरेल," ते मग म्हणाले, "आणि एकदम तोडलंत तरी मरेल. दाणे मऊ शिजवा, हातातून द्या. समोर बसून तुम्हीही तेच खा. ही जात एकटी जेवत नाही, सोबतचे खातील ते खाते. आता सोबतीला तुम्ही. उद्या सकाळपर्यंत तुमच्या हातून खाल्लं नाही, तर आणा, नळीने भरवू. पण नळीवर फारसे पक्षी जगत नाहीत."

"मी ठेवीन असं कुठे म्हटलंय?"

"नाही म्हटलंत," डॉक्टर म्हणाले. "आणि भरवताना बोला त्याच्याशी. तुमच्या आई बोलत असणार."

"काय बोलत असेल?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

आईच्या घरी पोचते तोच दादाचा फोन. "काय म्हणाला डॉक्टर? शोकच ना?"

"चरबी," धाकटी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे दाणे जास्त झाले." बिस्किटाचा विषय तिने काढला नाही. आईने जे तिच्यापासूनही लपवलं, ते दादाच्या मोबाइलवरून गावभर जाणार नव्हतं.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर तिने आईच्या स्वयंपाकघरात दाणे शिजवले आणि दोन बशांत काढले. पिंजऱ्याचं दार उघडून टेबलाशी बसली, एक घास घेतला. भिजलेला पुठ्ठा चघळल्यासारखं लागलं.

"खा," ती म्हणाली.

पाहुण्याने पाठ फिरवली.

"अरे खा, बाळा." हे बोलताना तिचं तिलाच ओशाळं वाटलं. पाहुण्यालाही वाटलं असावं. त्याने डोळे मिटून घेतले.

ती चिडली. "हे बघ, हे हॉटेल नाही. ज्यांना खायचं नसेल त्यांनी कॉट रिकामी करावी, बाहेर रांग लागलीय."

तुरा हलला. डोळा उघडला.

धाकटी घास तोंडात धरून थांबली. मग हळूच म्हणाली, "नुसता तुरा मिरवतोस, गधड्या. अक्कल कधी उगवायची?"

पाहुणा दारातून बाहेर आला.

असं होतं तर. मेट्रन भरवायची ते शिव्या देत. धाकटीचा आवाज चढला. तिने त्याचे गाल काढले, त्याची चाल काढली. ते संपल्यावर मावशीचे हुंदके काढले, वहिनीचा चेहरा काढला. प्रत्येक टोमण्यागणिक तो वीतभर पुढे सरकत होता. तिने बोटावर दाणे घेतले आणि हात टेबलावर ठेवला.

"आणि तो फोटो," ती म्हणाली. "निष्ठा म्हणे. आईने बघितला असता तर दादाला मोबाइलसकट जिन्यात उभं केलं असतं."

पाहुण्याने मान तिरकी केली, बोटावरचा एक दाणा उचलला, टाकला, पुन्हा उचलला आणि गिळला. मग दुसरा. चोच बोटाला खरखरत होती, कोमट आणि जराशी खडबडीत. तो आता मन लावून खात होता. बोलायची काही गरज उरली नव्हती.

धाकटीने हात हलू दिला नाही. समोर आईची खुर्ची होती, बाजूला घडी घातलेलं वर्तमानपत्र, चष्मा.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "मला तुझ्याशिवाय करमत नाही गं."