चाखणी

सातपूरच्या त्या कारखान्यात जेवणाचा भोंगा व्हायच्या आधी कामगारांच्या पुढाऱ्यानं आमटी चाखायची आणि कँटीनच्या वहीत सही करायची, ही रीत यादवनंच पाडलेली. एक्क्याऐंशी साली त्यानं किडे पडलेल्या भाजीचं ताट थेट साहेबाच्या टेबलावर आपटलं होतं. त्या एका ताटावर गडी कामगारांचा पुढारी म्हणून निवडून आला. पहिले दोन महिने तो सगळ्यांबरोबर रांगेत उभा राहून जेवला, हे मात्र खरं. मग कँटीनचा ठेका त्याच्या मेव्हण्याला मिळाला आणि यादवभाऊंचा डबा घरून यायला लागला. सह्या चालूच होत्या, कधीकधी आठवड्याच्या एकदम.

कलाबाई तिथं स्वयंपाकाला होती. नवरा गेल्यावर दोन पोरींचं पोट या नोकरीवरच चाललेलं. त्या दिवशी सकाळी कालच्या आमटीवर फेस दिसला, तशी ती यादवकडं गेली.

"भाऊ, आमटी आंबलीय. तुमचं मेव्हणं म्हणत्यात, ताजी फोडणी देऊन वाढ. लय वास येतोय हो."

"गूळ टाक थोडा," यादव दात कोरत म्हणाला. "नसेल जमत तर दुसरी बाई बघू."

कलाबाईनं गूळ टाकला. टाकताना तिला स्वतःच्या हाताची किळस आली, पण टाकला.

तीन वाजेपर्यंत बारा माणसं ओकून आडवी झाली. यादवनं सगळ्यांना कँटीनमध्ये गोळा केलं आणि बाकावर चढून गळा काढला, "माझ्या भावांच्या ताटाशी खेळ झालाय! या बाईला हात धुवायचं माहीत नाही. आजच्या आज काढा हिला!"

टाळ्या पडल्या. कलाबाई वळली. पुढारी म्हणे! तिनं वही आणली आणि मोठ्यानं वाचली, "आमटी चाखली, उत्तम. ही आजची सही. ही उद्याची. अन् ही परवाची." मग पातेल्याच्या तळची आमटी वाटीत घेऊन तिनं यादवपुढं धरली. "सही केलीय ना भाऊ? मग चाखा आता."

टाळ्या थांबल्या. यादवनं वाटी घेतली, माणसांकडं पाहिलं आणि ती खाली उभ्या सहादूच्या हातात दिली. सहादू त्याचा खास माणूस, घोषणा द्यायचा. तासाभरापूर्वी तोही मोरीत पोट धरून बसला होता.

"चाख रे."

आता तरी कुणी बोलेल, असं कलाबाईला वाटलं. दीडशे माणसं होती, सगळी सहादूच्या हातातल्या वाटीकडं बघत राहिली. सहादूनं डोळे मिटून वाटी तोंडाला लावली. कलाबाईनं ती हिसकावली, तोवर अर्धी रिकामी झाली होती.

"बघा, झालं का याला काही?" यादव ओरडला. "आमटी चांगलीच होती. हिचे हातच घाण!"

पुन्हा टाळ्या पडल्या. सहादूनं ओठ पुसले आणि तोही टाळ्या वाजवू लागला.