बाहीवरचा बाजूबंद

मित्रांनो, मी एक जुना बाजूबंद आहे. सोन्याचा वाटतो खरा, पण तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा आहे. रत्नागिरीच्या बाजारात रामा नावाच्या पत्रेकाराने मला कापले, ठोकले, आणि मांडवीच्या नाटकमंडळींनी सोनेरी रंग दिला. तेव्हापासून मी इराणच्या एका जुन्या कथेत काम करतो.

त्या कथेत एक पहिलवान बायकोपाशी खूण म्हणून बाजूबंद ठेवतो आणि निघून जातो. मुलगा मोठा झाला की आई तो त्याच्या दंडावर, बाहीच्या आत बांधते आणि त्याला बापाच्या शोधात धाडते. रणात बाप त्याला न ओळखता मारतो. मग बाही फाटते, मी दिसतो आणि बाप धाय मोकलून रडतो. बापाचे काम विनीतदादांचे, नाटक बसवायचेही तेच. त्यांच्या रडण्याला काय टाळ्या पडायच्या! मलाही तेव्हा बरे वाटायचे. पुढे पुढे मात्र जीव विटला. दर खेळाला पोराच्या अंगाला बिलगून त्याचे मरण सोसायचे, आणि आई पहिल्या अंकातच चेहऱ्याचा रंग पुसून घरी गेलेली. मधली बरीच वर्षे तर मी पेटीतच गंजत पडलो होतो.

यंदा एका स्पर्धेसाठी नाटक पुन्हा निघाले. आईचे काम उर्दू शाळेतल्या कनीजबाईंकडे आले. त्यांचा नवरा जहाजावर असतो. तालमीत त्यांनी विचारले, की हा बाजूबंद आत का लपवायचा? दादा हसले. आधीच दिसला तर नाटक राहील कुठे, म्हणाले.

“दादा, माझ्या नवऱ्याचा फोटो मी दारासमोरच लावलाय, पोरग्याने बापाला ओळखावं म्हणून. ही आई खूण झाकून कशाला पाठवेल?”

“कथेत तसंच आहे, बाई.”

“कथा सांगणारे तिला विचारायला गेले होते काय?”

दादांनी विषय तिथेच मिटवला. त्यांचे रडणेच जाणार होते ना!

प्रयोगात मात्र कनीजबाईंनी मला सर्वांदेखत बाहीवर बांधले. मुलाचे काम करणारा सागर गांगरला, पण त्याने पुढचे वाक्य म्हटले. लढाई झाली. दादांनी त्याला पाडले, खंजीर उगारला आणि मी थेट त्यांच्या डोळ्यांसमोर आलो. हात वरच थांबला. पुढचे एकही वाक्य त्यांच्यापाशी नव्हते. तेव्हा कनीजबाई विंगेतून बाहेर आल्या. त्या अंकात आईला आजवर प्रवेशच नव्हता.

“मारायचं तर मार,” त्या म्हणाल्या. “पण ओळखलं नाही, असं आता सांगू नकोस.”

दादांनी खंजीर खाली ठेवला. टाळ्या उशिरा पडल्या, त्याही थोड्याच. बक्षीस काही मिळाले नाही. आत गेल्यावर दादांनी मला सागरच्या बाहीवरून स्वतःच्या हाताने सोडवले.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. रंग उडाला, कडा झिजल्या. मला काचेच्या कपाटात ठेवा, असे मी म्हणत नाही. पुन्हा कुणाच्या दंडावर बांधाल, तेव्हा बांधणारीचे ऐका आणि शेवटापर्यंत तिला रंगमंचावर राहू द्या. त्या पोराची मरणे मी पुष्कळ पाहिली. मला एकदा त्याचे म्हातारपण पाहायचे आहे.