एका आळ्यात दोन रोपं

शाळेचा निरोप आला तेव्हा थोरली कॉलरी उलटवत होती आणि धाकटी काजं करत होती. यंदापासून गणवेश कारखान्यातून येणार, तुम्ही शिवू नका, एवढं सांगून शिपाई दारातूनच परत गेला.

दोघी बहिणींचं शिवणाचं दुकान त्या एका शाळेवर चालायचं. आई गेल्यावर थोरलीने धाकटीला हाताला धरून शिवण शिकवली होती. शाळेचं काम मिळालं तशी बाकीची गिऱ्हाइकं तिने एकेक करून वाटेला लावली. "किरकोळ कामात नुसता जीव जातो," असं ती म्हणायची. आता ते किरकोळ कामही दाराकडे फिरकत नव्हतं.

थोरली शाळेत गेली. पुन्हा गेली. मग रोजच जायला लागली. कार्यालयातल्या बाई आधी खुर्ची द्यायच्या, नंतर नुसती मान वर करायच्या, पुढे तेही राहिलं. घरी आलं की झाकून ठेवलेली मशिनं बघवायची नाहीत. म्हणून ती कुदळ घेऊन मागच्या अंगणात जायची. तिथे चिंध्या, रिकामी रिळं आणि विटांचे तुकडे साठले होते. ते उपसून तिने माती मोकळी केली, टोमॅटोची रोपं आणली. जागा अपुरी, म्हणून एकेका आळ्यात दोन-दोन लावली आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी घालत राहिली.

पानं पिवळी पडली. तिने आणखी पाणी घातलं.

एक दिवस धाकटीने एक रोप उपटून तिच्यासमोर धरलं. मुळं काळी पडली होती, घाण वास येत होता.

"ताई, पाणी पाजून पाजून मारलंस गं."

"माना टाकत होती ती. मला वाटलं, तहानलीत."

"तहानली नव्हती, बुडत होती."

थोरलीने ते रोप हिसकावून भिंतीपलीकडे फेकलं, हात धुतले आणि सवयीने शाळेची वाट धरली. फाटकाशी कार्यालयातल्या बाई भेटल्या. त्या हात जोडून म्हणाल्या, "ताई, आता येऊ नका हो. माझ्या हातात काही नाही आणि तुमच्याकडे बघवत नाही." थोरली तिथेच उभी राहिली. पिशवीतला नमुन्याचा सदरा बाहेर काढायचाही तिला धीर झाला नाही. इतके दिवस आपण कशाला पाणी घालत होतो, ते तिला तिथे, भर उन्हात कळलं. पण त्याने जिवाला आराम पडला नाही. उलट एवढा एक उंबरा झिजवायला होता, तोही गेला. आता उद्या सकाळी उठून जायचं कुठे?

घरी आली तर धाकटी वाट बघत बसली होती.

"मला काम मिळालंय," ती खाली बघत म्हणाली. "त्याच कारखान्यात."

"ज्याने आपलं ताट ओढलं, त्याच्याच पंगतीला बसणार तू?"

"ताई, इथे दोघींना पुरेल एवढं काम नाही. एकीला कदाचित पुरेल. एका आळ्यात दोन लावून कुठलंच वाढेना, बघतेस ना?"

थोरली उठून मागच्या दाराने बाहेर गेली. अंगणात एकच जोडी जगली होती. ती खाली बसली आणि दोन्ही रोपं बोटांनी वेगळी करायला लागली. मुळं एकमेकांत गुंतली होती. कितीही जपलं तरी तटातट तुटली. एक जागेवर राहिलं. दुसरं तिने कोपऱ्यात लावलं, त्यावर सावली केली, पाणीही बेताने दिलं. तरी ते दोन दिवसांत गेलं. तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. धाकटी धावत बाहेर आली.

"तुझं असं झालं तर?" थोरली हुंदके देत म्हणाली. "मी आईला काय तोंड दाखवू?"

"मी काय रोप आहे?" धाकटीही रडत होती. "मला पाय आहेत. नाही जमलं तर चालत परत येईन."

धाकटी कारखान्याजवळच राहायला गेली. थोरलीने दारावर पाटी लावली : कपडे दुरुस्त करून मिळतील. कितीतरी दिवस ती पाटी फक्त तिनेच वाचली. रिकाम्या मशिनला तेल घालायचं, पुसायचं, पुन्हा झाकायचं. कधी कधी भिंतीशी बोलावंसं वाटायचं, इतकं घर खायला उठायचं. शेवटी जवळच्या दवाखान्यातली एक परिचारिका उसवलेला पोशाख घेऊन आली. मग तिची मैत्रीण आली. पुढे दवाखान्याच्या व्यवस्थापकांनीच बोलावलं. "सगळे पोशाख तुम्हीच शिवा, बाकीची कामं सोडा," ते म्हणाले.

थोरलीच्या तोंडाला पाणी सुटलं. पण ती म्हणाली, "अर्धे शिवते. बाकी कामं सोडणार नाही." व्यवस्थापक कपाळाला आठ्या घालून म्हणाले, बघू. अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही. रोज सकाळी थोरलीला वाटतं, आपण हातचं घालवलं.

धाकटी सुट्टीच्या दिवशी आली. डोळे खोल गेले होते, बोटं सुजली होती. थोरलीने विचारलं, "काय शिवायला देतात गं?"

"खिसा."

"आणि?"

"डावा खिसा. दिवसभर. उजवा दुसरी शिवते, तिची माझी ओळखसुद्धा नाही."

थोरलीला हसू फुटलं, धाकटीलाही. हसता हसता धाकटीने बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तिथेच झोपून गेली. दारात कुणीतरी सदऱ्याचं बटण लावून घ्यायला आलं होतं. थोरलीने बसल्या जागेवरून हात पुढे केला आणि ओठांवर बोट ठेवून तो सदरा मागितला.