आडनाव नसलेला बिल्ला

मी गळ्यात अडकवायचा बिल्ला बोलतोय. पुढाऱ्याचा नव्हे, वकिलांच्या शिबिरातला. जन्म अमरावतीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानातला. वर प्लॅस्टिक, आत कागद आणि कागदावर ठळक अक्षरांत एकच शब्द: प्रणाली.

आडनाव मुद्दामच नव्हतं. भेदभावाविरुद्धचा कायदा वकिलांना शिकवायचं हे शिबिर. ते घेणारे भगवंतराव वकील दुकानात येऊन म्हणाले होते, "बिल्ल्यावर आडनाव टाकू नका. आडनाव दिसलं की मानूस दिसत नाही." हे ऐकून मी त्या माणसावर जीव टाकला. आपण एका चांगल्या कामासाठी जन्मलो, या आनंदात मी चमकत होतो. प्लॅस्टिकच ते, चमकणारच!

प्रणाली अंजनगाव सुर्जीची. तिथल्याच कोर्टात वकिली करायची. पण अमरावतीत एखाद्या मोठ्या वकिलाच्या हाताखाली शिकायची तिची फार इच्छा होती. ती आशा धरूनच पहिल्या एसटीनं आली होती.

सकाळी भगवंतरावांनी उदाहरण दिलं. घरमालक म्हणाला, खोली रिकामी आहे. समोरच्यानं आडनाव सांगितल्यावर म्हणाला, खोली गेली. "आता हे सिद्ध कसं कराल?"

प्रणाली उठली. "सर, खोली आधी रिकामी होती ना? मंग आडनाव ऐकल्यावर तिथं कोन राहाले आलं, ते मालकालेच विचारा."

"वा!" भगवंतराव खूश झाले. "माह्या ऑफिसात ज्युनिअरचं टेबल रिकामंच आहे. सोमवारपासून या."

तिचं काळीज धडधडत होतं. मी छातीवरच होतो, मला ते सगळं लागत होतं.

जेवणाच्या रांगेत भगवंतराव आपणहून तिच्याजवळ आले. "अंजनगावचे कोन तुमी?"

"प्रणाली, सर."

"ते दिसून राहिलं बिल्ल्यावर. पुढचं सांगा."

तिनं सांगितलं.

भगवंतरावांनी पोळीचा तुकडा मोडला, वांग्याच्या भाजीत बुडवला. "अच्छा, अच्छा," म्हणाले. मग घास गिळून म्हणाले, "टेबलाचं पाहू मंग. एका पोराले शब्द देऊन बसलो मी, ध्यानातच नव्हतं."

"सर, सकाळी तर टेबल रिकामं होतं. जेवणाआधी कोन बसलं तिथं?"

"प्रत्येक गोष्टीत जात काहून पाहता, बाई?" असं म्हणत ते कोशिंबिरीकडे वळले.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. ज्यानं मला बिनआडनावाचं केलं, त्यालाच ते विचारल्याशिवाय घास उतरेना! दुपारी तेच पुन्हा समतेवर बोलले, टाळ्याही पडल्या. मी आडनावाविना राहून झाकलं कुणाला, तर त्यांनाच. याचं मला फार वाईट वाटलं.

शेवटी शिबिरवाले बिल्ले परत मागायला लागले, प्लॅस्टिक पुढच्या शिबिरात कामी येतं म्हणून. प्रणालीनं मला दिलं नाही. फळ्याजवळचा मार्कर घेतला, नावापुढे आडनाव लिहिलं, आणि मला तसंच गळ्यात घालून फोटोसाठी भगवंतरावांच्या शेजारी उभी राहिली. ते कॅमेऱ्याकडे बघून हसले.

तो सोमवार कधीच गेला. आता मी अंजनगावच्या कोर्टासमोर, तिच्या टेबलावर असतो.

आणि तुम्ही? तिनं कोणतं आडनाव लिहिलं, हे मघापासून तुमच्या ओठांवर आलंय ना? माफ करा. एकदा सांगितलं तिनं, तेवढं पुरे झालं.