दोन दारांची गाडी

लाडवांच्या डब्याला खिडकी मिळाली आणि मला मधली जागा, त्या दिवसापासून मी माझ्या नणंदेला माफ केलेलं नाही.

माणिकबाई माझ्या थोरल्या नणंद. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. त्यांचे यजमान शेषराव अकोल्याला सरकीचे दलाल, त्यांच्याकडे तेव्हा एक जुनी छोटी मोटार होती. पहिल्या बाळंतपणाला मला अकोल्याहून अमरावतीला माहेरी जायचं होतं. आमच्याकडे नणंदेनं सोबत जायचं, लाडू द्यायचे आणि सून तिच्या आईच्या हवाली करायची, अशी रीत. पुढे शेषराव आणि माझे यजमान देवराव. मागे एका खिडकीशी अक्का, दुसऱ्या खिडकीशी लाडवांचा पितळी डबा, मधे मी. मधल्या जागेच्या पायाशी मोटारीचा उंचवटा असतो. त्यावर पाय ठेवले की गुडघे पोटाला लागतात, आणि त्या पोटात माझी जाई.

मूर्तिजापूर गेल्यावर मी म्हटलं, "अक्का, डबा मधे घेता का? मी कडेला बसते. पाठ भरून आली."

"डबा मधात घेतला तं गचक्यानं माया अंगावर येईन," अक्का म्हणाल्या. "तू तं सडपातळ हाय. तुले कितीक जागा लागते?"

पुढे दोघांचं कापसाच्या भावावर चाललं होतं. मान कोणी वळवली नाही. बडनेऱ्यापर्यंत मी दोन्ही हातांनी पोट उचलून धरलं. दर गचक्याला जाई आतून लाथ मारायची. उगी, उगी, म्हणत मी साडीवरूनच तिला थोपटत होते. माहेरच्या दारात घरच्या दोघी बायांनी धरून मला उतरवलं. आईनं सगळं पाहिलं. अक्कांना चहा दिला, वर दुसरा कप विचारला. तो दुसरा कप मला अजून सलतो.

जाई धडधाकट झाली, देवाची कृपा. आता रांगते, पायातल्या वाळ्यांचा आवाज ऐकून स्वतःच थबकते, आणि झोपली की मूठ माझ्या पदरात घट्ट ठेवते. ती सोडवायची म्हणजे एकेक बोट फुलासारखं उलगडावं लागतं. पण तिला पाजताना पाठीत कळ येते, आणि कळ आली की मला अक्का आठवतात.

यांची बदली अमरावतीला झाली आणि आम्ही इथे बिऱ्हाड केलं. यंदा शेषरावांनी नवी गाडी घ्यायची ठरवली. राजापेठेजवळ एका एजंटाकडे दोन छोट्या गाड्या पाहायला ठेवल्या होत्या. गाडी कोणतीही असो, पुढची सीट पुरुषांची आणि मागची बायांची, हा अक्कांच्या घरचा कायदा. त्यांचे सासरे जाऊन वर्षं झाली, कायदा तसाच. पण चार पुरुषांसमोर सीटवर बसून-उठून पाहणं अक्कांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी शेषरावांबरोबर निरोप धाडला, "मागची सीट कौशल्या बसून पाहीन. ते सांगन तेच गाडी घेजा."

निरोप ऐकला आणि मला तो पितळी डबा दिसला. झाकणासकट.

दुपारी जाईला कडेवर घेऊन मी गेले. हिरवी गाडी चार दारांची. मागचं दार कपाटासारखं उघडायचं. सीट जरा ताठ, तिची पाठ थोडी उभी, पण पाय आत टाकला की बसलोच. दुसरी लाल-पांढरी, दिसायला नवरीसारखी. तिला दारं दोनच. मागे जायचं तर पुढची सीट पाठीकडून उचलून वाकवायची, मग त्या फटीतून आधी डोकं, मग खांदा, मग उरलेलं अंग न्यायचं. मी सुईतल्या दोऱ्यासारखी गेले. आत मात्र सीट अशी मऊ, की जाई तिच्यावर पालथी पडून चक्क हसायला लागली. सीटची पाठ छान मागे कललेली. गुडघ्यांना जागा भरपूर. काच मोठी.

शेषराव तेव्हा एजंटाबरोबर इंजिनात डोकं घालून होते. "दारं दोन कमी, म्हणजे खडखड कमी," एजंट सांगत होता आणि शेषराव मान डोलवत होते. ज्यानं जन्मात मागे बसून पाहिलं नाही, त्याला दारं मोजायचं काय कारण?

"काय म्हणते मागची सीट?" त्यांनी विचारलं.

"लाल गाडीची फार मऊ आहे, भाऊजी. पाठ नीट टेकते. गुडघेही मोकळे राहतात."

"न हिरवीची?"

"तिची ताठ आहे."

एक शब्द खोटा नव्हता. अक्का अंगानं किती भरलेल्या आहेत आणि त्यांचे गुडघे कसे आहेत, हे नवऱ्याला मी काय सांगायचं? त्या रात्री मला गाढ झोप लागली.

जाईच्या जावळाला अक्का नव्या गाडीतून आल्या. हॉर्न ऐकून सगळी आळी बाहेर आली. मीही जाईला घेऊन पायरीवर उभी राहिले. शेषरावांनी पुढची सीट वाकवली. आधी एक पाय आला, मग नऊवारीचा घोळ, मग बराच वेळ काहीच नाही.

"ओढा न हो!" आतून आवाज आला. "पायता काय?"

"ओढूनच राह्यलो! तू खांदा तं काढ!"

शेजारच्या दुर्गाबाई पदरात तोंड खुपसून हसल्या. एका हाताला शेषराव, दुसऱ्या हाताला हे. अक्का बाहेर आल्या तेव्हा डोक्यावरचा पदर खांद्यावर होता आणि कुंकू कानापर्यंत ओढलेलं. मी पायरीवरून हलले नाही. जाईचं टोपडं बांधत राहिले. गाठ मुद्दाम दोनदा सोडली.

पाणी पिऊन झाल्यावर स्वयंपाकघरात अक्कांनी मला गाठलं. "कौशल्ये, तू बसून पायली होती ना वं?"

"हो अक्का. सीट मऊ नाही का?"

"मऊ हाय."

"पाठ टेकते ना?"

"टेकते. पण आत कसं जाव न भाईर कसं याव, हे काहून नाई सांगतलं?"

"ते कोणी विचारलंच नाही."

अक्कांनी पदर पुन्हा डोक्यावर घेतला. मग हळूच म्हणाल्या, "तू अजून त्या डब्याचंच धरून हाय."

डब्याचं नाव मी कधी काढलं नव्हतं. यांच्याजवळसुद्धा नाही.

"मले वाटलं, तू विसरली असशीन," त्या म्हणाल्या.

"तुम्ही तरी कुठे विसरल्या?"

त्यांनी खाली पाहिलं. मला दया यायला हवी होती. आली नाही. मी त्यांना चहा दिला. दुसरा कप विचारला नाही.

परतायच्या दिवशी शेषरावांनी पुन्हा सीट वाकवली. अक्कांनी एक पाय आत घातला, आळीकडे पाहिलं आणि पाय बाहेर घेतला. "मी नाई चढत ह्या बिळात."

"मंग पुढं बस. माया बाजूले रिकामीच हाय."

"पुढं? मी का तुमचा मुनीम हाओ?"

"बसा की अक्का," मी गोड आवाजात म्हटलं. "त्या दाराला काही वाकवावं लागत नाही. आणि अकोल्यात सगळे पाहतील, किती ऐटीत आल्या."

अकोल्यात सगळे पाहतील, एवढंच त्यांना ऐकू गेलं. त्यांनी पिशवी उचलली. "मी यष्टीनं जातो."

"अवं, दारात नवी गाडी उभी असताना?"

"तुमी या गाडीत. हौसेनं घेतली ना!"

मी जाईला घेऊन त्यांना पोचवायला स्टँडवर गेले. बायांच्या बाकावर एका म्हातारीला सरकवून अक्का ऐसपैस बसल्या. माझ्याकडे पाहिलं नाही, पण जाईच्या हातावर बत्तासा ठेवला. जाईनं तो लगेच तोंडात घातला. पोरीला काय कळतं! मी काढून घेतला नाही.

बस निघाली. बायकोला एकटी कशी सोडायची, म्हणून शेषरावांनी गाडी तिच्या मागे लावली. बसनं उडवलेल्या धुळीत ती लाल-पांढरी गाडी बघता बघता मातकट झाली. मागची सीट रिकामी, पुढची रिकामी, आणि भर उन्हाळ्यात काचा वर चढवून घामाघूम शेषराव एकटेच अकोल्याकडे चाललेले. जाईनं चिकट हात हलवले. मी तिचं मनगट धरून आणखी हलवले, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.